काकु आणि कंस

लेखनाला आवाज नसतो, ही त्याची उणीव की शक्ती, हा प्रश्न मी साहित्याच्या वर्गात अनेक वर्षे विचारीत आलो. माझे उत्तर ठरलेले असे : समर्थ लेखक शब्दांतच आवाज पेरतो, त्याला बाहेरच्या खुणेची गरज नसते. हा विश्वास डळमळला तो एका संगणकशास्त्र विभागाच्या हकिगतीमुळे आणि माझ्याच एका चुकीमुळे.

हकिगत अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची आहे. तेथील संगणकशास्त्र विभागातले अध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी संगणकावरील एका सामाईक सूचनाफलकावर लिहीत. व्याख्यानांच्या सूचना, हरवल्या-सापडल्याच्या वार्ता, वाद, थट्टा, सारे तेथेच. सप्टेंबर १९८२ मध्ये कोणी एक कोडे घातले : दोर तुटून कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पेटती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब असेल, तर त्यांचे काय होईल? त्यावर दुसऱ्याने गंभीर इशाऱ्याचा आव आणून लिहिले, की एका प्रयोगामुळे इमारतीतल्या एका लिफ्टमध्ये पारा पसरला आहे आणि आगीनेही थोडी हानी झाली आहे. कोडे ठाऊक असलेले हसले. इतरांपैकी अनेकांना मात्र तो इशारा खराच वाटला.

मग थट्टेला खूण असावी, अशी चर्चा सुरू झाली. कोणी तारका सुचवली, कोणी टक्क्याचे चिन्ह, कोणी अँपरसँड. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या अध्यापकाने अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि उजवा कंस अशी तीन चिन्हे एकापुढे एक मांडली. मान डावीकडे कलती केली, की हसरा चेहरा दिसे. फलकावरील थट्टेचे प्रमाण पाहता, जे थट्टेचे नाही त्यालाच खूण करणे काटकसरीचे ठरेल, असेही त्यांनी सुचवले आणि त्यासाठी उलट्या कंसाचा चेहरा दिला. हा मूळ मजकूर पुढे नाहीसा झाला होता. जुन्या चुंबकीय फितींचा शोध घेऊन तो २००२ मध्ये परत मिळवण्यात आला.

ही हकिगत प्रथम वाचली तेव्हा मी मनाशी हसलो. विनोदाला पाटी लावावी लागते तो विनोद कसला! आपल्या साहित्यशास्त्राने 'काकु' म्हणजे स्वरातील वळण केव्हाच ओळखले होते. 'शहाणा आहेस!' हे आई म्हणते तेव्हा आणि वैरी म्हणतो तेव्हा शब्द तेच, अर्थ दोन. पण काकु कंठात राहते. कागदावर ती उतरत नाही, हे मी सोयिस्करपणे विसरलो होतो. मराठी लेखनात पूर्वी दंडापलीकडे फारशी विरामचिन्हेही नव्हती. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी ती रुळली. ज्या उद्गारचिन्हावर मी विसंबत होतो, तीही एके काळी बाहेरून आलेली खूणच.

माझी चूक त्या उद्गारचिन्हापाशीच झाली. एका विद्यार्थिनीने प्रबंधाचे पहिले प्रकरण आणून दिले. ते इतके चांगले होते, की मी समासात कौतुकाने लिहिले : 'आता तुम्ही माझीच नोकरी घालवणार!' त्यानंतर दोन महिने ती विभागात फिरकली नाही. अखेर निरोप धाडून बोलावले, तेव्हा ती प्रबंध सोडण्याची परवानगी मागायला आली होती. आपल्या लेखनात अशी कोणती घोडचूक आहे, जिने मार्गदर्शकाची नोकरी धोक्यात यावी, याचा शोध ती दोन महिने घेत होती. मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. ती आधी हसली, मग रडली. प्रबंध पुरा झाला. पण ते दोन महिने मला परत देता आले नाहीत.

वक्रोक्तीवर तासन्‌तास बोलणाऱ्या मला जे सुचले नाही, ते त्या संगणकशास्त्रज्ञांना सुचले : वाचणारा आपल्या बैठकीतला असेलच असे नाही, आणि दुरून येणाऱ्यासाठी दारात दिवा ठेवणे हे लिहिणाराचे काम आहे. अधिकाराच्या जागेवरून लिहिणाऱ्याने तर तो ठेवलाच पाहिजे. कारण वडीलधाऱ्यांच्या थट्टेचा खुलासा मागण्याचे धैर्य धाकट्यांना सहसा होत नाही.

आता ती विद्यार्थिनी स्वतः शिकवते. तिच्या पत्रांच्या शेवटी हटकून ती तीन चिन्हे असतात. मानेच्या मणक्यांची तक्रार असूनही मी दर वेळी मान कलती करून ती पाहतो.