मांडीवरची पेटी

प्रवासाला निघतांना कोणती वस्तु टपावर टाकावयाची आणि कोणती मांडीवर घ्यावयाची, याचें एक शास्त्र आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना फार पूर्वींपासून अवगत आहे. ट्रंक टपावर जाते, वळकटी बाकाखालीं सरकते. परंतु लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि गंगाजळाचा गडू यांना मांडीवरून कोणी हलवीत नाहीं. कंडक्टर कितीहि रागावला तरी त्याला "राहूं दे रे बाबा माझ्यापाशीं" एवढेंच उत्तर मिळतें. विमानकंपन्यांनीं सामानाविषयीं छापलेले लांबलचक नियम आम्हीं नुकतेच वाचून काढले, तेव्हां त्यांतील निम्मा शहाणपणा आमच्या आत्याबाईंना न वाचतांच ठाऊक होता, अशी आमची खात्री झाली.

हे नियम वाचण्याची वेळ आम्हांवर आली ती लातूरच्या आमच्या भाच्यामुळें. पदवी घेतल्यावर त्यानें नोकरी धरली नाहीं. लग्नमुंजींचीं छायाचित्रें काढण्याचा व्यवसाय धरला. मेहुण्यांना हें प्रथम रुचलें नाहीं. "लग्नांत मिरवावें तें नवऱ्या मुलानें, फोटोवाल्यानें नव्हे," असें ते म्हणत. पण मुलाचा हात चांगला आणि स्वभाव गोड. चार वर्षांत त्याला हैदराबाद, बंगळूर, जयपूर अशीं दूरदूरचीं बोलावणीं येऊं लागलीं. आज त्याच्याजवळ दोन कॅमेरे, तीन भिंगें व दिव्यांचें साहित्य मिळून सहा लाखांचा ऐवज आहे. त्यांतील निम्में बँकेचें कर्ज. उरलेल्या रकमेंत त्याच्या आईच्या दोन पाटल्या आहेत. पाटल्या मोडल्या त्या दिवशीं आमची बहीण कांहीं बोलली नाहीं. मात्र मुलगा प्रवासाला निघाला कीं "पेटी कोठें ठेवलीस?" हा प्रश्न ती प्रत्येक वेळीं विचारते.

लातूरला धावपट्टी आहे, पण ठरल्या वेळीं उतारू घेऊन जाणारें विमान नाहीं. लातूरकरानें मोटारीनें चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेड गांठावें, किंवा सरळ हैदराबादेस जावें. नांदेडला विमानतळ नीट उभा राहिला तो २००८ सालच्या सोहळ्याच्या निमित्तानें. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं नांदेडास देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथसाहेबाकडे सोंपविलें. त्या घटनेचीं तीनशें वर्षें तेव्हां पुरीं झालीं. २०१७ च्या एप्रिलांत 'उडान' योजनेखालीं हैदराबादचें विमान सुरू झालें, पुढें तें बंद पडलें, २०२४ सालीं विमानसेवा पुन्हां सुरू झाली. थोडक्यांत सांगावयाचें तर नांदेडचें विमान पाहुण्यासारखें आहे. आलें म्हणजे आनंद मानावा, पण त्याच्या भरंवशावर मुहूर्त धरूं नये. लग्नाचीं छायाचित्रें घेणाऱ्यानें निदान एक दिवस आधीं निघावें, कारण सप्तपदी कोणासाठीं थांबत नाहीं.

आतां पेटीचें. देशांतल्या विमानांत उतारूला आपल्याजवळ बहुधा सात किलो वजनाची एकच बॅग ठेवतां येते. एक कॅमेरा व दोन मोठीं भिंगें यांचें वजन तीन किलोच्या आसपास जातें, लॅपटॉपचे दीड-दोन किलो. मग पेटीला उरतें काय? म्हणून दुकानांत दिसणारी ती जाड, कडक, पाण्यांत टाकली तरी न भिजणारी पेटी पाहून भुलूं नये. ती रिकामीच तीन-साडेतीन किलोंची असते. ती चांगली नाहीं असें नाहीं. विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानाला तीच योग्य. जवळ बाळगावयाला मात्र हलकी, आंतून मऊ कप्प्यांची बॅग बरी. राजा दीनदयाळ निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार होते, आणि तेव्हां नांदेड व लातूर हीं दोन्हीं गांवें निजामाच्याच राज्यांत होतीं. त्या काळच्या छायाचित्रकाराला कांचेच्या प्लेटी वागवीत हिंडावें लागे. सात किलोंचा हिशेब ऐकून त्याला हंसूं आलें असतें.

कशाची निवड करावी? आमच्या भाच्याची रीत आम्हांस पटली. उद्यांचें काम जिच्यावांचून मुळींच होणार नाहीं ती वस्तु जवळ. जी परगांवीं भाड्यानें किंवा उसनी मिळूं शकेल ती विमानाच्या पोटांत. एक कॅमेरा, दोन भिंगें, सर्व बॅटऱ्या आणि कार्डें जवळ; तिपाई, दिवे, दिव्यांचे दांडे खालीं. भिंग कॅमेऱ्याला जोडलेलें ठेवूं नये. धक्का बसला तर त्यांच्या सांध्यावर सगळा भार येतो. प्रत्येक भिंगाला दोन्हीं बाजूंनीं झांकणें लावावीं आणि फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळावें. आमच्या बहिणीनें यासाठीं जुनें मऊ लुगडें पुढें केलें होतें. पण सुती वस्त्राचा भुरा कांचेला चिकटतो, म्हणून तें पेटीच्या तळाशीं घडी करून घातलें. तिचें समाधान झालें.

बॅटऱ्यांविषयीं जरा विस्तारानें लिहिणें जरूर आहे, कारण येथें प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. लिथियमच्या बॅटरीचीं दोन टोकें किल्ल्यांच्या जुडग्याला किंवा नाण्यांना लागलीं तर ती तापते, पेटते, आणि एकदां पेटली कीं सहजासहजीं विझत नाहीं. उतारूंच्या जवळ ती पेटली तर विमानांतील मंडळी धांवून येऊं शकतात; पोटांतल्या सामानांत पेटली तर तेथें पोंचणार कोण? म्हणून सुट्या बॅटऱ्या नोंदविलेल्या सामानांत घालण्यास मनाई आहे. फोन भरण्याच्या पॉवर बँकेलाहि हाच नियम. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले असतात; त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. साध्या कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्टची व २ अँपिअर-तासांची धरली तर १४ वॉट-तास होतात. मर्यादा १०० ची आहे, तेव्हां चिंता नाहीं. १०० ते १६० पर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या कंपनीची परवानगी घेऊन फक्त दोन नेतां येतात, त्यापुढच्या मुळींच नाहींत. चलच्चित्रें घेणाऱ्यांच्या मोठ्या बॅटऱ्या नेमक्या ९८ वॉट-तासांच्या कां करतात, याचा उलगडा आम्हांस यावरून झाला. प्रत्येक बॅटरीच्या टोंकांवर चिकटपट्टी लावून ती निरनिराळ्या पिशवींत ठेवावी.

खरी परीक्षा होते ती विमानाच्या दाराशीं. लहान गांवांना जाणारीं पंख्याचीं विमानें सत्तर-बहात्तर आसनांचीं. त्यांच्या डोक्यावरच्या फळ्या आंखूड असतात. सगळे नियम पाळून आलेल्या उतारूची बॅगहि तेथें ऐन वेळीं काढून घेतात व खालीं टाकतात. अशा प्रसंगीं भांडून उपयोग होत नाहीं, आणि घाईंत तिच्यांतील बॅटऱ्या काढून घेण्याचें भान राहत नाहीं. आमचा भाचा यासाठीं बॅगेंत वरच एक घडीची कापडी पिशवी ठेवतो. बॅग मागितली कीं तो कॅमेरा, भिंगें, बॅटऱ्या आणि कार्डें त्या पिशवींत काढतो आणि रिकामी बॅग हंसत देऊन टाकतो. मग ती पिशवी मांडीवर. विमान उडतांना व उतरतांना पायांपुढच्या आसनाखालीं.

एवढें जपूनहि मागच्या वर्षीं घात झालाच. जयपूरचें लग्न आटोपून परततांना सामान वाढलें होतें. तिसरें भिंग, जें सगळ्यांत लांब व जड, तें दिव्यांच्या कडक पेटींत घालून खालीं द्यावें लागलें. हैदराबादेस पेटी पट्ट्यावरून आली ती बाहेरून धडधाकट. एक ओरखडा नव्हता. उघडून पाहतो तों पुढची कांच तडकलेली आणि मागचें कडें वाकलेलें. मुलानें विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं लेखी तक्रार नोंदविली, पेटीचीं व भिंगाचीं छायाचित्रें तेथेंच घेतलीं. हें त्यानें फार चांगलें केलें, कारण एकदां बाहेर पडल्यावर "नुकसान आमच्याकडे झालें कशावरून?" असें विचारावयास कंपनी मोकळी असते, आणि लेखी तक्रारीला सामान मिळाल्यापासून सातच दिवसांची मुदत असते.

परंतु भरपाईचें गणित निराळें. देशांतर्गत प्रवासांत सामान हरवलें वा मोडलें तर कंपनीची जबाबदारी २०१४ सालच्या सरकारी अधिसूचनेनें दर उतारूमागें ₹२०,००० पर्यंत ठरविली. शिवाय नाजूक व मौल्यवान वस्तु नोंदविलेल्या सामानांत घातल्यास आम्ही बांधील नाहीं, असें बारीक अक्षरांत कंपन्या आधींच लिहून ठेवतात. सामान देतांना त्याची किंमत जाहीर करून जास्त आकार भरण्याची सोय कायद्यांत आहे. तिचा उपयोग करणारा उतारू मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. भिंगाची किंमत दीड लाख. भाच्याला पांच महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर जें मिळालें त्यांत दिव्यांचे दांडे आले असते. यंत्रांचा स्वतंत्र विमा त्यानें त्यानंतर उतरविला. घराच्या विम्यांत धंद्याचें यंत्र बहुधा बसत नाहीं, हें ज्यांच्या घरीं असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनीं ध्यानांत घ्यावें, आणि प्रत्येक यंत्राचा क्रमांक व पावती दागिन्यांच्या यादीसारखी घरीं जपून ठेवावी.

आमच्याकडील उन्हाविषयींहि दोन शब्द. मे महिन्यांत नांदेड-लातुरास पारा बेचाळिशीला टेकतो. अशा वेळीं बंद मोटारींत पेटी ठेवून जेवावयास जाऊं नये. पावसाळ्यांत गार विमानांतून दमट हवेंत उतरतांच बॅग उघडली तर भिंगावर दंव धरतें. अर्धा-पाऊण तास ती बंदच राहूं द्यावी. हौशी तरुण हल्लीं पुन्हां फिल्म वापरूं लागले आहेत. तिनें नोंदविलेल्या सामानांत कदापि जाऊं नये, तेथील क्ष-किरण तिला काळवंडून टाकतात. ती हातांत घेऊन तपासावी अशी विनंति करावी. कार्डाला त्या किरणांची बाधा होत नाहीं.

कार्डाचा उल्लेख आला म्हणून सांगतों. मराठवाड्यांतल्याच अजिंठ्याचीं चित्रें उतरून घेण्यासाठीं मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ सालीं नेमणूक झाली. त्यांनीं वर्षानुवर्षें लेण्यांत बसून तीं मोठमोठ्या पटांवर रंगविलीं. पट समुद्रापार लंडनला नीट पोंचले, क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगले गेले, आणि १८६६ च्या डिसेंबरांत तेथें लागलेल्या आगींत बहुतेक सगळे एकत्र जळाले. पुढें जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं पुन्हां नकला केल्या. त्यांतल्याहि पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. प्रवासानें त्यांचें कांहीं बिघडलें नव्हतें. सगळें एका छपराखालीं ठेवलें, एवढेंच झालें.

जयपुराहून भाचा परतला तेव्हां भिंग गेलें, पण लग्न वांचलें. त्याचा कॅमेरा एका वेळीं दोन कार्डांवर चित्र उमटवितो. एक कार्ड त्याच्या कमरेच्या कशांत होतें, दुसरें आगगाडीनें निघालेल्या सोबत्याच्या खिशांत, आणि तिसरी प्रत तो लग्नघरींच ठेवून आला होता. त्या लग्नांत वधूच्या पणजीनें नातजांवयाची दृष्ट काढली होती. म्हातारी पुढें दोन महिन्यांनीं गेली; तिचें शेवटचें चांगलें चित्र तेंच. तें मागावयास वधूच्या वडिलांचा फोन आला त्या वेळीं आम्ही लातुरांत होतों. मुलानें दहा मिनिटांत तें शोधून पाठविलें. आमची बहीण स्वयंपाकघरांतून हात पुशीत आली, तिनें तें चित्र बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हें त्याच भिंगानें काढलेलें का रे?"

"हो," तो म्हणाला.

तडकलेलें भिंग तिनें टाकूं दिलें नाहीं. देवघराशेजारच्या कोनाड्यांत ते ठेवलेलें आहे, आणि त्याच्याखालीं बँकेचें पासबुक. हप्ते अजून चौदा आहेत.