भ्यालेल्या प्रेक्षकाचा राग

नाटकगृहात अथवा चित्रगृहात बसून मनुष्य रडला, तर बाहेर आल्यावर ती गोष्ट तो फारशी लपवीत नाही. उलट आपल्या डोळ्यांस पाणी आले हे चार लोकांत सांगताना त्याला आपल्या अंतःकरणाच्या कोमलपणाचा थोडासा अभिमानच वाटत असतो. तो हसला असेल, तर त्या हसण्याचे श्रेय उदारपणे नटास देऊन मोकळा होतो. परंतु तोच मनुष्य भ्याला असेल, तर मात्र त्याची मोठी पंचाईत होते. भीतीची कबुली द्यावी, तर पौरुषास बट्टा लागतो. न द्यावी, तर शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थाने आपले गच्च मिटलेले डोळे पाहिलेले असतात. अशा वेळी तो काय करतो? बहुधा तो रागावतो. ‘अगदीच पोरकट चित्र! पैसे फुकट गेले!’ असे तो जिन्यावरच मोठ्याने बोलू लागतो. आणि त्याचा आवाज जितका चढा, तितका त्याचा घसा आत कोरडा पडलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. भरताने नाट्यशास्त्रात भयानकास रसांच्या पंक्तीत स्थान दिले आणि भय हा त्याचा स्थायीभाव सांगितला. परंतु रस उतरल्यावर प्रेक्षकाच्या मनात जो हा राग शिल्लक राहतो, तो कोणाच्या माथी जाऊन पडतो, याचा विचार रसिकांनीच करावयास हवा.

या रागाची सर्व लक्षणे ज्याच्या निमित्ताने उघड झाली, असे एक चित्र अमेरिकेत १९९९ साली निघाले. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हे त्याचे नाव. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोन तरुण त्याचे दिग्दर्शक. कथानक दोन वाक्यांत सांगता येईल इतके लहान. मेरिलँड संस्थानातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या रानात एका चेटकिणीची दंतकथा टिपण्यासाठी तीन विद्यार्थी १९९४ च्या ऑक्टोबरात गेले व नाहीसे झाले. वर्षभराने त्यांच्या कॅमेऱ्यांतील फिती सापडल्या, आणि आपण पाहतो त्या याच फिती, अशी ही बतावणी आहे. चित्रीकरणाचा खर्च साठ हजार डॉलरांच्या आसपास सांगितला जातो. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या हिशेबी ही रक्कम नगण्यच. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स येथील महोत्सवात ते मध्यरात्रीच्या खेळास दाखविले गेले, जुलैत सर्वसाधारण लोकांपुढे आले, आणि जगभर मिळून त्याने २४ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न केले.

हा पैसा कोणत्या भांडवलावर मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. चित्रात चेटकीण एकदाही दिसत नाही. भांडवल होते ते लोकांच्या विश्वासाचे. तिन्ही पात्रांस नटांचीच खरी नावे दिली होती: हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स. नाहीशा झालेल्या मुलांचा शोध करावा अशी भिंतीपत्रके लागली. इंटरनेटवर दंतकथेचा सनावळीसह रचलेला इतिहास प्रसिद्ध झाला. दूरचित्रवाणीवर त्याच कल्पित इतिहासाचा माहितीपट दाखविण्यात आला. चित्रपटांच्या एका सुप्रसिद्ध सूचीत नटांच्या नावांपुढे ‘बेपत्ता, मृत असल्याचा तर्क’ अशा अर्थाची नोंद होती. नटांनी स्वतः लोकांसमोर येऊ नये, अशीही दक्षता घेतली गेली. परिणाम असा झाला की हेदरच्या आईकडे सांत्वनाची पत्रे येऊ लागली. आणि दोनशेच्या आत-बाहेर वस्ती असलेल्या त्या बर्किट्सव्हिल गावी हौशी लोकांच्या झुंडी लोटून त्यांनी गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा पळवून नेल्या. चेटकिणीने त्या गावास कधी त्रास दिला नव्हता. तो प्रेक्षकांनी दिला.

प्रेक्षकांचे आपोआप तीन वर्ग पडले. पहिला वर्ग खरोखर भ्याला. दुसऱ्या वर्गास भिण्याची उसंतच मिळाली नाही. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या सतत हिंदकळण्याने त्यांस बोट लागावी तसे मळमळू लागले, आणि काही चित्रगृहांनी तशी सूचना अगोदर देण्याची व्यवस्था केली. तिसरा वर्ग रागावलेल्यांचा, आणि तो लहान नव्हता. टीकाकारांनी पुष्कळ स्तुती केली असताही, चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्यांची मते घेणाऱ्या एका संस्थेच्या पाहणीत सामान्य प्रेक्षकांनी या चित्रास ‘सी’ अधिक एवढीच प्रत दिली. ‘दाखविले काय? रान, काळोख आणि भांडणे!’ ही त्यांची तक्रार. शेवटच्या दृश्यात एक तरुण पडक्या घराच्या तळघरात भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा असलेला दिसतो, कॅमेरा खाली पडतो, आणि चित्र संपते. आरंभी गावकऱ्यांच्या बोलण्यात, एक खुनी मनुष्य एका मुलास मारताना दुसऱ्यास कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा करीत असे, हा उल्लेख ओझरता येऊन गेलेला असतो. तो ज्यांच्या ध्यानात राहिला, त्यांच्या अंगावर त्या कोपऱ्याने काटा आणला. ज्यांच्या ध्यानात राहिला नाही, ते ‘पुढे काय झाले?’ असे एकमेकांस विचारीत बाहेर पडले. तेव्हा भीतीचा निम्मा मालमसाला प्रेक्षकाने स्वतः बरोबर आणावयाचा होता. आणि जो रिकाम्या हाताने आला, त्याला पान रिकामेच दिसले.

आम्ही हे चित्र काही वर्षांनी, एका स्नेह्यांच्या घरी, डीव्हीडी आणून पाहिले. आम्ही सात-आठ मंडळी होतो. तोवर सारे कपट जगजाहीर झाले असल्यामुळे फसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तरुण मंडळी पहिल्यापासूनच थट्टेच्या तयारीने बसली होती. स्नेह्यांच्या मातोश्री, ज्यांना सगळे आजी म्हणत, त्या जन्माने रत्नागिरीकडच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्या कोपऱ्यात वाती वळीत होत्या. ती तीन मुले होकायंत्र हाती धरून दिवसभर दक्षिणेस चालतात, आणि संध्याकाळी सकाळच्याच ओढ्यावरील त्याच आडव्या ओंडक्यापाशी येऊन पोहोचतात, हे दृश्य लागले मात्र, आजींचा हात थांबला. ‘अरे, यांना चकवा लागलाय!’ त्या म्हणाल्या. ‘आता उजाडेपर्यंत जागचं हलू नका म्हणावं. जितकं चालाल तितकं तो चालवील.’

सर्वांत नीट चित्र कळले ते त्यांना, असे आम्हांस त्या क्षणी वाटले. चकव्याची कल्पना कोकणातच काय, देशावरही घरोघर ठाऊक असते. वाटसरू वाट सोडीत नाही, दिशा चुकत नाही, आणि तरीही घटकाभराने त्याच झाडाखाली येऊन उभा राहतो. त्याला कोणी मारीत नाही, धरीत नाही; कोणी दिसतही नाही. या भुताचे सारे सामर्थ्य एवढ्यातच आहे की, मनुष्याचा स्वतःच्या पावलांवरील विश्वास ते काढून घेते. आणि आपल्याकडील भुताच्या गोष्टी सांगण्याची जी रीत आहे, तीत तरी वेगळे काय असते? ‘ही ऐकीव गोष्ट नाही हो, आमच्या मामाने डोळ्यांनी पाहिलेली,’ असे म्हटल्यावाचून कोणी सांगणारा आरंभच करीत नाही. त्या मामाचा पत्ता आपण विचारीत नाही. विचारला, तर गोष्ट संपते, आणि गोष्ट संपावी असे कोणासच वाटत नसते. ब्लेअरच्या चेटकिणीस मेरिलँडात असा एक मामा मिळाला होता, इतकेच.

शेवटाकडे हेदर काळोखात कॅमेरा अगदी तोंडाशी धरते. डोळे विस्फारलेले, नाक वाहते आहे, अर्धा चेहरा पडद्याबाहेर. आणि ती तिघांच्याही आयांची क्षमा मागते. त्या वेळी तरुण मंडळींत मोठा हशा पिकला. वाहणाऱ्या नाकावर दोन-तीन कोट्याही झाल्या. आजींना त्या साऱ्या बोलण्यातला ‘मॉम’ हा एवढाच शब्द कळला असावा. ‘हिच्या आईला कोणी कळवलं का रे?’ त्यांनी विचारले. कोणीच उत्तर दिले नाही. सर्वांत अधिक हसलेल्या गृहस्थांनी त्या रात्री जिना उतरताना पुढे जाण्याचा मान आग्रहाने दुसऱ्यांस दिला, हे येथे नमूद करणे आम्हांस अवश्य वाटते.

तो हशा आम्ही विसरलो नाही. कारण तोच पूर्वी मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत होऊन गेला होता, हे आम्हांस पुढे कळले. हे चित्र कसे तयार झाले ते पाहा. १९९७ च्या ऑक्टोबरात सुमारे आठ दिवस ते तिघे नट रानात राहिले. कॅमेरे त्यांच्याच हाती होते; संवाद बहुतेक त्यांनीच आयत्या वेळी बोलावयाचे होते. ठरलेल्या जागी प्रत्येकास वेगळी चिठ्ठी ठेवलेली असे, आणि ती दुसऱ्यास दाखवावयाची नसे. अन्न दिवसेंदिवस कमी केले जाई. रात्री दिग्दर्शकांची मंडळी राहुटीभोवती आवाज करीत, मुलांच्या खेळण्याचे ध्वनिमुद्रित सूर वाजवीत. म्हणजे लेखक, छायालेखक आणि पात्र ही तिन्ही कामे उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेत त्या तिघांनी केली. त्या मुलीचे रडणे विद्रूप दिसले ते यामुळे की, खरे रडणे असेच दिसते.

या कामगिरीचे बक्षीस तिला काय मिळाले? २००० साली चित्रास कमी खर्चाच्या पहिल्या चित्राबद्दलचे ‘इंडिपेंडंट स्पिरिट’ पारितोषिक मिळाले. आणि त्याच वर्षी ‘गोल्डन रास्पबेरी’ या थट्टेच्या पारितोषिकवाल्यांनी वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्री म्हणून हेदर डोनाह्यूची निवड केली. लोक आपल्याशी वैराने वागले, असे तिने पुढे सांगितले आहे. काही वर्षांनी तिने अभिनयाचा व्यवसायच सोडला. त्यास इतर कारणेही असतील. परंतु हे एकही नव्हते, असे कोण म्हणेल?

कोणी म्हणेल की, थट्टेस एवढे मनावर का घ्यावे? शिवाय प्रेक्षकांस खोटे सांगून फसविण्यात आले होते. त्यांचा राग न्याय्यच होता. फसवणुकीबद्दलचा राग न्याय्य होता, हे आम्हांस मान्य आहे. जिवंत माणसे मेली म्हणून सांगणे आणि त्यावर तिकिटे विकणे, हे मामाच्या साक्षीहून पुष्कळ पुढचे पाऊल आहे. परंतु तो राग गेला कोणाकडे? भिंतीपत्रके ज्यांनी छापली, त्यांच्या चातुर्याची जाहिरातशास्त्राच्या वर्गात वाखाणणी होते. सूचीतील नोंदीबद्दल कोणास जाब विचारला गेला नाही. राग गेला तो पडद्यावर दिसणाऱ्या एका चेहऱ्याकडे, कारण प्रेक्षकाने स्वतःची भीती त्याच चेहऱ्यावर पाहिली होती. तिचे नाक वाहत होते, तेव्हा आपला घसा कोरडा होता, हे त्याला विसरावयाचे होते.

या भीतीची किंमत धंदेवाल्यांनी मात्र अचूक ओळखली. २००९ साली ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हे असेच अल्प खर्चाचे चित्र जाहीर प्रदर्शनास आले, तेव्हा त्याच्या जाहिरातीत अंधाऱ्या चित्रगृहात दचकणारे, किंचाळणारे प्रेक्षकच दाखविण्यात आले. अर्थात आपली किंकाळी हा आता विक्रीचा माल आहे. मग ती ज्यांनी आपल्या अंगातून काढली, त्यांचा त्या मालात वाटा किती? एप्रिल २०२४ मध्ये त्या तिघा नटांनी चित्राचे हक्क ज्या कंपनीकडे आले तिच्याकडे जाहीर मागणी केली की, आपल्या कामाचा न्याय्य मोबदला द्यावा, आणि आपली नावे व चेहरे वापरून पुढे जे काही करावयाचे ते आपणांस विचारून करावे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांची नावे मृतांच्या यादीत घातली गेली, त्यांना आपण जिवंत असून आपल्या नावावर आपला हक्क आहे, हे अशा रीतीने सांगावे लागले.

तो हक्क कायद्याने कितपत टिकेल, हे कायदेपंडितांनी पाहावे. आम्हां प्रेक्षकांचे देणे त्याहून साधे आहे, आणि त्यास वकील लागत नाही. ज्याने हसविले त्याला आपण श्रेय देतो, ज्याने रडविले त्याला देतो. ज्याने भिवविले त्यालाही ते द्यावे. ‘मी भ्यालो,’ एवढे दोन शब्द बाहेर पडताना जिन्यावर उच्चारता आले, तरी पुष्कळसा राग तेथेच उतरेल, आणि अंधारात आपल्यासाठी थरथरलेल्या माणसास उजेडात आपले हसू सोसावे लागणार नाही.