धुऱ्यावरची तार

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. चिचगडच्या आसपास तेव्हाच हलका धान पिकायला येतो, आणि काही धुऱ्यांवर विजेच्या तारा लागतात. बाकी सांगायला नको, इकडच्या कास्तकाराला सगळं ठाऊक आहे.

अशाच एका सकाळी बांधीकडे निघालो, तर शेजारच्या धुऱ्यावर माणसं जमलेली. तारेवर अस्वल मरून पडलं होतं. मादी. पुढचा पंजा जळून काळाठिक्कर. वीतभर बांबूच्या खुंट्या, त्यांवर बारीक तार, आणि तारेचं टोक खांबावरच्या लाइनीला आकडा टाकून जोडलेलं. डुकरासाठी लावलेली. अस्वल धान खायला आलं नसावं. धुऱ्यावरच्या वारुळाकडे निघालं असेल.

मागून आलेल्या एकाने विचारलं, "माणूस तर नाही ना मेला जी?" नाही म्हटल्यावर तो सुटल्यासारखा हसला. ते हसू मला अजून खुपतं. त्याच वाटेने पहाटे मोळीला बाया जातात.

हे अस्वलापुरतं नाही. नागझिऱ्यात जन्मलेला जय वाघ 2016 पासून बेपत्ता आहे. त्याचा बछडा श्रीनिवास 2017 च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे अशाच तारेवर गेला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, तरी त्याला पुरून टाकलं होतं. 20 मे 2023 ला चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. सोडायला हेलिकॉप्टर लागलं तरी आणा म्हणतो मी. पण जंगलातून बाहेर पडलेल्या जनावराच्या वाटेवर शंभर रुपयांची तार असेल, तर त्या खर्चाचं काय?

पंचनामा झाला. अस्वल अनुसूची एकमधलं, म्हणजे किमान तीन वर्षांची शिक्षा. तार लावणाऱ्याचा मला संताप आला होता. तो मात्र खाली बसून एवढंच म्हणाला, "रातभर जागलो जी, तरी डुकरांनं अर्धी बांधी लोळवली." पुढे त्याने जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कृषिपंपाला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं; बिबट, अस्वल, साप, सगळे तिथेच. नुकसानीचा अर्ज करायचा, तर पंचनाम्याला माणूस यायला उशीर. येतो तेव्हा डुकराचे खूर पुसलेले. "पुरावा काय?" असं विचारतात. लोळलेल्या धानापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा? आणि त्याच विजेवर चाललेला आकडा दिवसाउजेडी कुणालाच दिसत नाही! माझा राग तिथे दुभंगला.

तरीही तारेची बाजू मी घेणार नाही. झटका मशीन वेगळं: त्यात करंट क्षणभर येतो, जनावर दचकून पळतं, मरत नाही. गावाने मिळून सौर कुंपण मागितलं तर शासनाकडे अनुदानाची योजना आहे. पण मशीन वगळून कुंपणाची तार थेट खांबावरच्या लाइनीला जोडली, की ती पुन्हा तीच तार. काही जण तसं करतात, हेही खरं.

वन्यजीव सप्ताहात वाघाचे मुखवटे घालून प्रभातफेरी काढणाऱ्या पोरांना धुरा दाखवा, खुंट्या कशा ओळखायच्या ते सांगा. तार दिसली तर हात लावू नका, वन विभागाच्या 1926 वर फोन करा. शेजारी रागावेल. रागावू द्या.