मागच्या चाकाचा आवाज

खर्ड्याहून जामखेडला येताना आमच्या मारुती ८००च्या मागून घरघर यायची. वेग वाढला की तीही वाढायची. आज चाक उचलून हाताने फिरवलं, वर-खाली हलवून पाहिलं. बेअरिंगच गेलं होतं.

पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी स्टँडवर घेतली, हँडब्रेक सोडला. स्प्लिट पिन काढली, नट खोलला, ड्रम ओढला. आत काळं पडलेलं, आटलेलं ग्रीस आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे. एवढ्याशा खड्ड्यांनी सगळी गाडी घुमत होती! जुनी बेअरिंगं ठोकून काढली, मधला स्पेसर पुसून परत घातला. नवं बसवताना मात्र हात आवरावा लागतो. घाव फक्त बाहेरच्या कड्यावर, तोही चहूबाजूंनी सारखा. आतल्या कड्यावर ठोकलं तर मार गोळ्यांवर बसतो आणि कोरं बेअरिंग तिथेच खराब होतं. हे काम घाईचं नाहीच, म्हणून मला ते घरी, सावकाश करायला आवडतं.

८००चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी आपल्याकडे त्या अजून धावतात, घरची माणसं त्यांत बसतात. मागून घरघर येत असेल तर आजच चाक उचलून बघा. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका.