ओळीच्या आरंभीची खूण

शेलच्या प्रॉम्प्टमधील सर्वांत अर्थपूर्ण चिन्ह बहुधा त्याच्या शेवटी असते. शेल म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून करवून घेणारा प्रोग्रॅम, आणि प्रॉम्प्ट म्हणजे आपण आज्ञा घ्यायला तयार आहोत हे सांगण्यासाठी त्याने ओळीच्या आरंभी उमटवलेली खूण. 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बॉर्न शेलने ही खूण सामान्य वापरकर्त्यासाठी $ अशी ठेवली आणि यंत्रावर काहीही करण्याची मुभा असलेल्या ‘रूट’साठी # अशी. तेव्हापासून पडदे, रंग, अक्षरवळणे सारे बदलले, तरी समोर बसलेल्याच्या हाती किती सत्ता आहे हे आजही त्या एका चिन्हावरून कळते. सत्तेची इतकी आटोपशीर आणि इतकी प्रामाणिक खूण इतरत्र क्वचितच सापडेल.

प्रॉम्प्टमध्ये काय दिसावे हे पीएस1 नावाच्या चलात, म्हणजे शेलने नाव देऊन लक्षात ठेवलेल्या एका मजकुरात, लिहिलेले असते आणि ते कोणालाही बदलता येते. वापरकर्त्याचे नाव, यंत्राचे नाव आणि आपण ज्या डिरेक्टरीत उभे आहोत तिचा मार्ग ही त्यातली जुनी सामग्री. हौशी मंडळी तिच्यात घड्याळ, बॅटरीची पातळी, गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातील चालू शाखा आणि मागच्या आज्ञेला लागलेला वेळ यांची भर घालतात. यातले शेवटचे दिसते तितके नवे नाही, कारण 1960च्या दशकात एमआयटीत चालणारी सीटीएसएस ही प्रणाली प्रत्येक आज्ञा संपली की ‘आर’ हे अक्षर आणि खर्ची पडलेला वेळ छापत असे. त्या काळी अनेकांत वाटून घेतलेला प्रोसेसरचा वेळ फार मोलाचा होता. सजावटीला हरकत असू नये. मात्र जागा अपुरी पडू लागली की सर्वांत आधी यंत्राचे नाव गाळले जाते, आणि नेमके तेच गाळू नये.

31 जानेवारी 2017च्या रात्री गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेस सांभाळणारे यंत्र आणि त्याची प्रत बाळगणारे दुसरे यंत्र यांच्यातील मेळ बिघडला होता. प्रत नव्याने उतरवून घेण्यासाठी दुसऱ्या यंत्रावरील डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची होती. या यंत्रांच्या डीबी1 आणि डीबी2 या नावांत फरक होता तो एका आकड्याचा, आणि रात्री उशिरापर्यंत दुरुस्तीत गुंतलेल्या अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली ती पहिल्या यंत्रावर. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबवली गेली, पण तोवर सुमारे 300 जीबी माहिती गेलेली होती. नेहमीच्या बॅकअपकडे वळावे तर तेही घेतले जात नव्हते असे उघड झाले, कारण ते घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीपेक्षा जुनी असल्यामुळे ते अपयशी ठरत होते आणि त्याची वार्ता कोणापर्यंत पोचत नव्हती. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या एका प्रतीवरून सेवा उभी करावी लागली. मधल्या काळातील हजारो प्रकल्पांच्या आणि टिप्पण्यांच्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत. कंपनीने ही सारी हकीकत स्वतः प्रसिद्ध केली, आणि तिच्यातील सुधारणांच्या यादीत मोठमोठ्या कामांच्या जोडीला सर्व यंत्रांवरील पीएस1 बदलण्याचे काम नोंदवले, जेणेकरून कोणते यंत्र कोणते हे अधिक स्पष्ट दिसावे. त्या छोट्या नोंदीत माणसाविषयीची मोठी समज आहे. थकलेला माणूस नाव वाचत नाही, तो ओळीचा आकार तेवढा ओळखतो, आणि डीबी1 व डीबी2 यांचा आकार सारखाच असतो. म्हणून मुख्य यंत्राचा प्रॉम्प्ट लाल ठेवण्याची अनेक ठिकाणची रीत योग्यच म्हटली पाहिजे, कारण शिणलेल्या डोळ्यांना अक्षराच्या आधी रंग पोचतो.

प्रॉम्प्ट वर सरकत दिसेनासा होतो आणि एडिटर उघडला की पूर्णच झाकला जातो, पण खिडकीच्या माथ्यावरील शीर्षक जागचे हलत नाही, यास्तव यंत्राचे नाव तेथेही लिहिणे हिताचे. ते लिहिण्याची रीत एक्सटर्म या 1984 साली जन्मलेल्या टर्मिनलमुळे, म्हणजे शेलला खिडकी पुरवणाऱ्या प्रोग्रॅममुळे, रूढ झाली : आधी एस्केप हे अदृश्य चिन्ह, मग बंद होणारा चौकोनी कंस, शून्य, अर्धविराम, त्यानंतर हवा तो मजकूर, आणि शेवटी घंटा. ही घंटा म्हणजे आस्की संकेतावलीतील 7 क्रमांकाचा संकेत. टेलिटाइप मॉडेल 33 सारख्या यंत्रात तो पोचला की धातूची खरीखुरी घंटा वाजत असे आणि खोलीत दूर बसलेला माणूस उठून येई. आता तोच संकेत शीर्षकाच्या पाटीवरचा मजकूर संपल्याचे मुकाट्याने सांगतो. तंत्रज्ञानातील जुन्या वस्तूंना असे दुसरे आयुष्य लाभावे यात एक सौंदर्य आहे, आणि ते जपणाऱ्यांविषयी आदर वाटावा असेही त्यात काही आहे.

हीच संकेतमाला पीएस1मध्ये घातली तर प्रत्येक प्रॉम्प्टबरोबर शीर्षक आपोआप ताजे होते, फक्त बॅश या शेलमध्ये तिच्याभोवती विशिष्ट कंस घालावे लागतात, कारण प्रॉम्प्टने किती रकाने व्यापले हे शेल मोजत असतो आणि न दिसणारी चिन्हे त्या मोजणीत धरली गेली तर लांब आज्ञा चुकीच्या ठिकाणी दुमडते. या मोजणीचा खरा कस देवनागरीत लागतो. ‘अक्षर’ नावाच्या डिरेक्टरीत शिरले की ‘क्ष’साठी संगणकाकडे क, हलन्त आणि ष असे तीन संकेत जातात, रूढ मोजणी त्यांना दोन रकाने देते, आणि जोडाक्षर नीट जुळवणारा फाँट असेल तर चित्र एकाच अक्षराचे उमटते. टर्मिनलचा पडदा मुळात सारख्या रुंदीच्या चौकटींचा असल्यामुळे कोठे जोडाक्षर फुटते, कोठे मात्रा दूर पडते, तर कोठे कर्सर अक्षरापासून अंतर राखून उभा राहतो. टर्मिनल लिहिणाऱ्यांनी हे दुरुस्त करणे अगत्याचे आहे. तोपर्यंत मराठी नावांच्या डिरेक्टऱ्या ठेवणाऱ्यांसाठी एक उपाय आहे : प्रॉम्प्ट दोन ओळींचा करून मार्ग वरच्या ओळीत लिहावा आणि खालची ओळ आज्ञेसाठी मोकळी सोडावी.