बारा एमबीचा अर्ज

गेले दोन वीकेंड एका शिष्यवृत्तीच्या साइटवर खर्ची पडले. एक ट्रस्ट आहे, नाव सांगत नाही. दहावी झालेल्या गरजू मुलामुलींना पुढच्या शिक्षणाला मदत करतात. तिथले एक काका माझ्या बाबांचे जुने मित्र, त्यामुळे "जरा बघून दे रे" असा फोन आला की नाही म्हणायची सोय नसते.

तक्रार अशी, की गेल्या वर्षी अर्ज इतके कमी आले की निम्मे पैसे वाटलेच गेले नाहीत. काकांचं मत, हल्लीच्या पोरांना चिकाटी नाही. दुसऱ्या एका विश्वस्तांचं मत, उरलेल्या पैशात सभागृहाला एसी बसवून टाकू. तसा ठराव पुढच्या मीटिंगला यायचा होता. होस्टिंगवाल्याचं मत अर्थातच, मोठा प्लॅन घ्या.

मी आधी सर्व्हरचा लॉग मागवून घेतला. धडगाव, भामरागड अशा तालुक्यांतले अर्ज. एकाच अर्जाची मार्कशीट अपलोड करायची खटपट रात्री सव्वाअकराला, मग साडेअकराला, मग पावणेबाराला, मग बाराला पाच कमी असताना. त्यानंतर काही नाही. असे कितीतरी. चिकाटी नाही म्हणतात ती हीच असेल तर आमच्या ऑफिसात कुणाकडेच नाही!

आता साइटकडे वळू. मुख्य पान उघडलं तर 12 एमबी. 1 एमबीपीएसची रेंज धरा (गावाकडे संध्याकाळी सगळे फोनवर असताना तेवढी मिळाली तरी नशीब) तर 12 गुणिले 8, म्हणजे 96 सेकंद. दीड मिनिट. स्टीव्ह साउडर्स याहूमध्ये होता तेव्हा त्याने 2007 साली 'हाय परफॉर्मन्स वेब साइट्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा हा, की वाचणाऱ्याचा 80 ते 90 टक्के वेळ सर्व्हरवर जात नाही, पान पोचल्यानंतरच्या भानगडीत जातो. चित्रं, स्क्रिप्ट, स्टाइलशीट वगैरे. त्यातले काही नियम एचटीटीपी/2 आल्यावर जुने झाले, पण हा मुद्दा काही जुना होत नाही. मोठा प्लॅन घेऊन फक्त होस्टिंगवाल्याचं भलं झालं असतं.

बारातले नऊ एमबी तीन फोटोंचे. सत्कार समारंभ, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन. कॅमेऱ्यातून निघाले तसे 4000 बाय 3000 चढवलेले, दिसणार मात्र मोबाइलच्या बोटभर पट्टीत, आणि तेही आपोआप सरकणारे. एक फोटो ठेवला, 800 पिक्सेल रुंद, वेबपी फॉरमॅट, 70 केबी. बाकीचे 'छायाचित्रे' या वेगळ्या पानावर, आणि तिथे लोडिंग लेझी. हे काम पाच मिनिटांचं. कोणाचा फोटो पहिल्या पानावर राहणार यावरची चर्चा पाऊण तासाची. असो.

फॉन्टमध्ये मात्र मजा आली. चार वजनांच्या चार फाइली, प्रत्येकी अडीचशे केबीच्या आसपास. इंग्रजी फॉन्टला एवढं लागत नाही. देवनागरीत जोडाक्षरांची वेगळी चित्रं ठेवावी लागतात, आणि त्या चित्रांना स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो. क, हलन्त, ष असे तीन क्रमांक आले की 'क्ष'चं चित्र लावायचं, हे फॉन्टच्या आत तक्त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे फॉन्ट बारीक करताना नुसती अक्षरांची यादी देऊन कापला की भलतंच होतं. पायथनचं फॉन्टटूल्स हे नीट सांभाळतं. पण त्यालाही यादी पूर्ण द्यावी लागते, नाहीतर आपला मराठी अर्धा 'र' गळतो. तो काही जण ऱ आणि हलन्त असा लिहितात, काही जण र, हलन्त आणि वर झिरो विड्थ जॉइनर. हा न दिसणारा जॉइनर यादीत नसेल तर कऱ्हाडच्या मुलाला आपल्या गावाचं नाव भलतंच दिसू शकतं. हिंदीवाल्यांना हा त्रास नाही.

शेवटी मी फॉन्टच काढून टाकला. अँड्रॉइडमध्ये नोटोचा देवनागरी फॉन्ट आधीच असतो, चांगला वाचता येतो. एक एमबी वाचला.

कोणीतरी म्हणेलच, की मराठी मजकूरच जड असतो. अर्धं खरं आहे. 'शिष्यवृत्ती'त 11 क्रमांक आहेत आणि 'स्कॉलरशिप' इंग्रजीत लिहिला तर त्यातही बरोब्बर 11 अक्षरं. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला 3 बाइट लागतात, म्हणजे 33 विरुद्ध 11. फक्त त्या तिनातले पहिले दोन बाइट सारखे तेच ते येतात, आणि तेच ते असलं की जीझिपला आनंद होतो. या सर्व्हरवर जीझिप बंद होतं. चालू केलं, एक ओळ.

उरलेले दोन एमबी पाहून मात्र मी उठून चहा करायला गेलो. महाराष्ट्रातल्या सगळ्या गावांची यादी! चाळीस हजारांहून जास्त गावं, मराठी नाव, इंग्रजी नाव, कोड. मुलीला आपलं एक गाव निवडायचंय, आणि तिच्या फोनने आधी अख्खं राज्य वाचून डोक्यात ठेवायचं. सात-आठ हजारांचा फोन तेवढा वेळ गोठतो, बोट लावलं तरी हलत नाही. आता आधी जिल्हा, मग तालुका, आणि तालुका निवडला की तेवढीच गावं येतात. पाच-सात केबी.

सर्व्हर होता अमेरिकेत, व्हर्जिनियाला. मुंबईहून साधारण 13,000 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक जाऊन-येऊन फेरी किमान 130 मिलिसेकंद, प्रत्यक्षात दोनशेच्या वर. पान मागायच्या आधीच ओळखपाळख आणि कुलूपकिल्लीच्या दोन फेऱ्या होतात. प्रकाशाला घाई करता येत नाही, सर्व्हर जवळ आणता येतो. मुंबईत आणला.

हे सगळं झालं तरी मूळ दुखणं राहिलंच होतं, मार्कशीट. मुलं फोनने फोटो काढतात, तो चार-पाच एमबीचा, आणि अपलोडची गती डाउनलोडपेक्षाही कमी. मध्येच रेंज गेली की पहिल्यापासून. आणि तोवर सेशन संपलेलं, म्हणजे अख्खा अर्जच पहिल्यापासून. सव्वाअकरा, साडेअकरा, पावणेबारा... आता फोटो निवडला की ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर लहान करून तीनशे केबीच्या आत आणतो आणि मग पाठवतो. गुण स्पष्ट वाचता येतात, काकांना चष्मा काढून वाचायला लावले. शिवाय भरलेला भाग फोनवरच साठवून ठेवतो, म्हणजे रेंज गेली तरी नाव-गाव-बँकेचा नंबर पुन्हा लिहायला नको.

मुख्य पान आता दीडशे केबीच्या आत आहे. अर्जांची मुदत मागच्या आठवड्यात संपली. गेल्या वर्षीपेक्षा दुपटीहून जास्त आले. सगळं श्रेय साइटचं नाही, यंदा जाहिरातही लवकर दिली होती आणि दोन शिक्षकांनी शाळाशाळांत फिरून सांगितलं. पण शेवटच्या रात्री लॉग उघडून बसलो होतो. बाराला पाच कमी असताना भामरागडहून एक अर्ज आला. एका दमात.

एसीचा ठराव पुढे ढकललाय, रद्द नाही झालेला. आणि नियमावलीची स्कॅन केलेली पीडीएफ अजून 9 एमबीचीच आहे. टाइप करून देतो म्हटलं तर म्हणाले, नको, त्यावर सही-शिक्का आहे.