पूर येण्याआधी औषधांची पिशवी भरून ठेवा

पावसाळा तोंडावर आला की आपण घराचे पत्रे तपासतो, जळतण झाकतो, कुटार आत घेतो. घरातल्या औषधांचं काय करायचं, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. आज त्याबद्दलच सांगतो.

२२ जुलै २०२३ रोजी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, अतिवृष्टी झाली. नदी-नाल्यांचं पाणी घरांत शिरलं, रस्ते बंद पडले, शेतं खरडून गेली. हे तालुके पिंपळगाव राजापासून फार लांब नाहीत. असा पाऊस उद्या आपल्याकडेही पडू शकतो.

पूर आला की आपल्याला बुडण्याची भीती वाटते, आणि ती खरीच आहे. पण डॉक्टरपुढे नंतर येणारे बरेच रुग्ण वेगळे असतात. कुणाची बीपीची गोळी चार दिवस चुकलेली असते, कुणाचा दम्याचा पंप वाहून गेलेला असतो. मी विचारतो, "गोळी कोणती होती?" उत्तर येतं, "डॉक्टरसाहेब, ती लहान, पांढरी." लहान पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. त्यातली तुमची कोणती, हे मी ओळखू शकत नाही.

फिटची गोळी अचानक बंद झाली तर झटके पुन्हा येऊ शकतात. काही बीपीच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळतो. लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलाला एक-दोन दिवस इन्सुलिन मिळालं नाही, तर जीव धोक्यात येतो. म्हणून ही पिशवी आवश्यक आहे.

पिशवीत काय ठेवायचं?

• रोजच्या औषधांचा किमान सात दिवसांचा साठा, मूळ पाकिटासकट. गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नका, नाव आणि मुदत पाकिटावरच असते.
• चिठ्ठीची झेरॉक्स. शिवाय तिचा फोटो तुमच्या आणि बाहेरगावी राहणाऱ्या एका नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये.
• एका कागदावर प्रत्येकाचं नाव, आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि दोन फोन नंबर. मोबाइल बंद पडला की नंबर आठवत नाहीत.
• ओआरएसची पाच-सहा पाकिटं, पट्टी, कापूस, जखमेचं मलम, पॅरासिटामॉल.
• आधार आणि आयुष्मान कार्डाच्या प्रती, टॉर्च, चष्मा, बाळ असेल तर त्याचं सामान.

हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंचावर ठेवा, पण लगेच हाती येईल असं. औषधं जुनी होऊ नयेत म्हणून नवीन पाकीट पिशवीत टाका आणि आधीचं वापरायला काढा.

वीज गेली तर इन्सुलिन?

घाबरू नका. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, फक्त उष्णता ३० अंशांच्या आत हवी. मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात छोटं मडकं बसवा, इन्सुलिन कोरड्या पिशवीत त्याच्या आत ठेवा आणि सावलीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

पाणी

पुराच्या पाण्यात संडासाचं पाणी मिसळतं. विहीर, बोअर, हँडपंप, कशावरही लगेच विश्वास ठेवू नका. पाणी खळखळून एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून थंड करा. जुलाब लागले तर ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घोळा, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, अंग दुखलं, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तो लेप्टो असू शकतो.

साप

बिळात पाणी शिरलं की साप घरात, कुटारात, जळतणात येतात. चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. बांगड्या-अंगठ्या काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णाला सरकारी रुग्णालयात न्या. सापावरची लस तिथे मोफत मिळते. साप मारण्यात आणि शोधण्यात वेळ घालवू नका.

निघताना

पाणी दाराशी आलं आणि तुम्ही कोरड्या जागी असाल, तरच मेन स्विच बंद करा. वाहत्या पाण्यातून गाडी काढू नका. अँब्युलन्ससाठी १०८, मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ हे नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे नातवालाही वाचता येतील.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा ती चिठ्ठी सोबत आणा. औषधांची यादी आपण दोघं मिळून तपासू.